एका आजाराची हकिकत आणि त्यातली माणसे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी मला दोन वेळा सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी म्हटले, बाजरीच्या खिचडीची कृती देते. त्या हसून म्हणाल्या, "कृती पाच जणींच्या आल्या आहेत. तुम्ही इतिहासावर लिहा." आता आमचा हा पैठण तालुका. इथे इतिहास म्हटला की सातवाहन राजे आणि नाथमहाराज. त्यांच्यावर लिहिणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. माझ्या मनात एक दुसराच इतिहास कितीतरी वर्षे घर करून बसला आहे. तो राजांचा नाही, एका आजाराचा आहे. त्या आजाराचे नाव एच.आय.व्ही. आणि तो वाढला म्हणजे होणारा एड्स. नाव वाचून काही भगिनी पान उलटतील हे मला ठाऊक आहे. त्यांनी जरा थांबावे एवढीच विनंती.

माझी थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. पुढे जी वर्षे आणि आकडे आले आहेत ते तिने इंग्रजीतून वाचून मला सांगितले आणि मी वहीत उतरून घेतले. बाकीचे मात्र माझ्या घरातले आहे.

माझे लग्न झाले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. साल १९९९. त्याच साली आमच्या थोरल्या नणंदबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, त्यांचे यजमान वारले. ते मालमोटारीवर होते. महिना महिना बाहेर असत. शेवटी शेवटी अंगात नुसता सांगाडा उरला होता. ते गेल्यावर आक्कांना एका मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे त्यांचे रक्त काढून घेतले. कशासाठी काढले ते कोणी सांगितले नाही. आठ दिवसांनी कागद आला तो दिरांच्या हातात दिला. दिरांनी तो वाचला, सासऱ्यांना सांगितला, शेजाऱ्यांना सांगितला. आक्कांना कळले ते सर्वांत शेवटी, तेही त्यांचे गाठोडे अंगणात आणून ठेवले तेव्हा. पोरबाळ नव्हतेच. त्या माहेरी म्हणजे आमच्याकडे आल्या.

आता माझी गोष्ट सांगते. आक्कांसाठी सासूबाईंनी जर्मनची एक ताटली आणि एक पेला वेगळा काढला. तो गोठ्यातल्या दावणीपाशी ठेवायचा. त्यात चहा मी ओतायची, उंचावरून, पेल्याला किटली लागू नये म्हणून. त्यांचे लुगडे मी काठीने उचलून वाळत घातलेले आहे. हे मी कोणाच्या धाकाने केले असे म्हणणार नाही. मला स्वतःला भीती वाटत होती. त्याच वर्षी मी नाथषष्ठीला पैठणला गेले होते. नाथमहाराजांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळूतून अस्पृश्याचे पोर कडेवर घेतले, ती कथा कीर्तनात ऐकून डोळे पुसले, आणि घरी येऊन पुन्हा तो पेला दावणीलाच ठेवला. असो.

हा आजार आपल्या देशात आहे हे प्रथम कळले ते १९८६ साली, मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत. ते शोधून काढणाऱ्या डॉक्टरीणबाई मूळच्या मराठी घरातल्या होत्या. सुनीती गायतोंडे हे त्यांचे माहेरचे नाव, लग्नानंतर डॉ. सुनीती सॉलोमन. त्या मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत. त्यांची एक विद्यार्थिनी होती, निर्मला. तिला प्रबंधासाठी त्यांनी हा विषय दिला. तेव्हा हा आजार परदेशी लोकांचा, आपल्याकडे कसा असेल, असे मोठमोठे लोक म्हणत. निर्मलाबाईंनी शरीरविक्रय करणाऱ्या, पोलिसांनी धरून आणून ठेवलेल्या बायकांचे रक्त गोळा केले. हातमोजे नव्हते. नमुने घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या आगगाडीने वेल्लोरच्या दवाखान्यात नेले, कारण तपासणीची सोय तिथे होती. सहा नमुन्यांत आजार सापडला. पुढे अमेरिकेतही तपासून खात्री करून घेतली. सुनीतीबाईंनी मग १९९३ साली वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले आणि २०१५ साली जाईपर्यंत याच कामात राहिल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मुलगी हे वाचून दाखवीत होती तेव्हा आक्का शेजारी शेंगा फोडीत बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारले, "त्या बायांना सांगितलं व्हतं का, कशाचं रक्त काढतात म्हून?" मुलीने पुढे वाचले. सांगितले नव्हते. निर्मलाबाईंनी स्वतःच हे पुढे मोकळेपणाने कबूल केले आहे. त्या बायकांना वाटले की नेहमीच्या गुप्तरोगांची तपासणी आहे. आक्का काही बोलल्या नाहीत, शेंगा फोडीत राहिल्या. सुनीतीबाईंविषयी आणि निर्मलाबाईंविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी शोधले नसते तर सरकार आणखी किती वर्षे झोपले असते कोण जाणे. पण त्या सहा जणींची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत, आणि मला राहून राहून वाटते की आपल्या देशातली या आजाराची पहिली हकिकत खरे म्हणजे त्यांची आहे.

गोव्यात १९८९ साली याहून वाईट घडले. डोमिनिक डिसोझा नावाचा एक तरुण नेहमी रक्तदान करणारा. त्याच्या रक्तात विषाणू सापडला. त्याला आधी सांगितले नाही, पोलिसांनी चौकीवर बोलावून घेतले आणि म्हापशाला क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत एकट्याला कोंडून ठेवले. ६४ दिवस! तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने कायदा योग्यच ठरवला, परंतु लोकांत एवढा गवगवा झाला की कोंडण्याची सक्ती पुढे सैल करावी लागली. डोमिनिकने १९९२ साली अशा रोग्यांसाठी संस्था उभी केली आणि त्याच साली तो गेला. मला त्या आईचे फार वाटते. मुलाचा आजार जगापुढे मांडून कचेरीत उभे राहायचे, याला किती छाती लागते! आमच्या सासूबाई वाईट नव्हत्या, परंतु त्यांनी आक्कांचा आजार "पोटाचा विकार" म्हणूनच शेवटपर्यंत सांगितला.

डोमिनिकच्या आधी अमेरिकेत रोगीच पुढे आले होते. १९८३ साली डेन्व्हर नावाच्या शहरात काही रोग्यांनी एक जाहीरनामा लिहिला. आम्हाला बिचारे म्हणू नका, आणि आमच्याबद्दल जिथे ठरते तिथे आम्हालाही बसवा, असा त्याचा मथितार्थ. पुढे १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिस येथे ४२ देशांनी हे तत्त्व मान्य केले. आपल्याकडे १९९७ साली चेन्नईत रोग्यांनीच आपली देशव्यापी संघटना स्थापन केली. सांगलीकडे 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून जे केले तेही याच वाटेचे. तिथल्या शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनी निरोध वाटण्याचे काम स्वतःच्या हाती घेतले (हा शब्द लिहिताना माझा हात थांबला, परंतु दुसरा शब्द नाही), आणि १९९६ साली त्यांची स्वतःची परिषद उभी राहिली. बाहेरच्या बाईने सांगितलेले ज्यांना पटत नव्हते त्यांना शेजारणीने सांगितलेले पटले. आपल्या हळदीकुंकवाला आमंत्रण कोण घेऊन आली यावर बायका येतात की नाही ते ठरते, त्यातलाच हा प्रकार.

आता पुण्याकडे वळते, कारण आपल्या महाराष्ट्रात या आजाराचे खरे संशोधन तिथे झाले. १९९२ साली भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या डॉक्टरांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या ९१६ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या ५२५ शरीरविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात निम्म्या बाधित निघाल्या. उरलेल्या ३९१ तुमच्या आमच्यासारख्या, बहुतेक संसारी. त्यांच्यात शंभरात १३ ते १४ जणी बाधित होत्या. नवऱ्याखेरीज कोणा पुरुषाचे तोंड न पाहिलेल्या! डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे छापून प्रसिद्ध केले. हे दवाखान्यात आलेल्या बायकांचे प्रमाण आहे, सगळ्या संसारी बायकांचे नव्हे, हे माझ्या मुलीने मला दोनदा बजावले आहे. तरीही मी त्या दिवशी रात्री जेवले नाही. ती पाहणी ज्या वर्षी संपली त्याच्या तीनच वर्षांनी आक्कांचे गाठोडे अंगणात पडले होते, आणि गाव म्हणत होते, "हिनंच काहीतरी केलं असंल." पुण्यात जे कागदावर छापून आले ते आमच्या गावापर्यंत पोचायला आणखी किती वर्षे लागली! हे अंतर कोणी मोजले आहे का?

त्यानंतर प्रश्न आला तो मुलांचा. बाधित आईपासून बाळाला आजार गर्भात, बाळंतपणात किंवा दुधातून जाऊ शकतो. १९९४ साली अमेरिकेत व फ्रान्समध्ये असे सिद्ध झाले की आईला व बाळाला एक औषध दिले तर शंभरातली २५ बाळे बाधित होत होती ती ८ वर येतात. परंतु ते औषध महाग, आणि तिथल्या आयांनी अंगावर पाजायचे नाही असे ठरले होते. आपल्याकडे बाळाला वरचे दूध म्हणजे पाण्याचा भरवसा नाही, जुलाबाने पोर जायची भीती. आणि अंगावर पाजत नाही म्हटल्यावर सासू विचारणार, का गं? तेव्हा पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयात, इथियोपिया व युगांडाच्या बरोबरीने, एक प्रयोग झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी काहींना नेव्हिरापिन औषधाची एकच मात्रा, तर काहींना सहा आठवडे रोज. २००८ साली निष्कर्ष आला. सहा आठवड्यांच्या वयाला धोका निम्म्याने कमी झाला होता, सहा महिन्यांना मात्र तेवढा फरक उरला नाही. पूर्ण यश नव्हे, पण एक पायरी. पुढे आईलाच आयुष्यभर औषध देण्याची पद्धत आली आणि आज आपल्याकडे गरोदर बाईची तपासणी होते ती त्यासाठी.

अशा प्रयोगांत भाग घेताना कागदावर सही घ्यावी लागते. लिहिता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेतात आणि एक साक्षीदार बसतो. तो कागद मराठीत वाचून दाखवावा लागतो. त्यात काय आहे, मध्येच सोडून जाता येईल का, सोडले तर दवाखान्यातले औषध बंद होईल का, हे सगळे असावे लागते. तो कागद सामान्य माणसाला कळतो का, हे पाहण्यासाठी एक सल्लागार मंडळ असते. त्यात डॉक्टर नसलेले लोक घेतात. बाधित असलेले, समाजात काम करणारे, कोणी वकील, कोणी शिक्षक. पुण्यात २००५ च्या फेब्रुवारीत एड्सच्या लसीची देशातली पहिली चाचणी सुरू झाली, ३० निरोगी स्त्रीपुरुषांवर, तेव्हाही अशी पुष्कळ बोलणी आधी झाली होती. लस टोचल्याने आजार होत नाही हे पटवायचे, काही जणांना नुसतीच पाण्यासारखी सुई मिळेल आणि कोणाला कोणती हे डॉक्टरलाही ठाऊक नसेल हे समजावायचे. ही गोष्ट मला समजायला दोन दिवस लागले. ती लस सुरक्षित निघाली, पण हवी तेवढी ताकद तिने दिली नाही. त्या ३० जणांचे श्रम फुकट गेले असे मी मानत नाही. वाट चुकीची आहे हे कळायलाही कोणाला तरी आधी चालून जावे लागते.

सर्वांत मोठा प्रयोग झाला तो नवराबायकोंचा. नऊ देशांत १७६३ जोडपी, त्यांत एक बाधित आणि एक निरोगी. आपल्याकडे पुणे आणि चेन्नई येथे. चेन्नईचे केंद्र म्हणजे सुनीतीबाईंचेच. निम्म्या बाधितांना औषध लगेच सुरू केले, निम्म्यांना तेव्हाच्या रीतीप्रमाणे रक्तातली ताकद ठराविक आकड्याखाली आल्यावर. मे २०११ मध्ये निकाल जाहीर झाला. जोडीदाराकडूनच आजार लागला असे २८ जण निघाले, आणि त्यांतला फक्त एक लगेच औषध घेणाऱ्यांपैकी होता. म्हणजे औषध नुसते रोग्याला जगवत नाही, त्याच्या जोडीदारालाही वाचवते. त्या वर्षातला विज्ञानातला सर्वांत मोठा शोध म्हणून अमेरिकेतल्या नियतकालिकाने त्याला मान दिला. त्यावरून पुढे जगभर नियम बदलले. आपल्या देशातही २०१७ पासून आजार सापडला की आकड्याची वाट न पाहता औषध सुरू करतात.

पण उरलेल्या २७ जणांचे काय? मी मुलीला हेच विचारले. ती म्हणाली, तेव्हा सरकारी रीतच तशी होती, त्यांना बाहेरही तेवढेच मिळाले असते, शिवाय सर्वांना समजावून सांगितले होते, निरोध दिले होते, आणि निकाल दिसताच सर्वांना औषध देऊ केले. हे सर्व खरे असेल. बुद्धीला पटते. तरी त्या २७ घरांत त्या दिवशी चूल कशी पेटली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्यांनी सही केली त्यांनी समजून केली असेल तर त्यांचे उपकार आपल्या सर्वांवर आहेत. आणि आपल्याकडे बाईची सही म्हणजे पुष्कळदा घरच्यांची सही असते, हेही आपण जाणतोच.

औषधाची हकिकत थोडक्यात सांगते. पूर्वी ते श्रीमंतांनाच परवडे. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी, आणि साऱ्या जगातला भाव खाली आला. १ एप्रिल २००४ पासून आपले सरकार ती फुकट देऊ लागले. महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. पुढे आमच्या जिल्ह्यात घाटी दवाखान्यात गोळ्या मिळू लागल्या तेव्हा आक्का फार खंगल्या होत्या. ह्यांनी त्यांना फटफटीवर बसवून नेले. वर्षभरात त्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. तो दावणीचा पेला मी त्याच सुमारास उचलून विहिरीत टाकला. आक्कांनी पाहिले, पण तेव्हाही नाही आणि नंतरही कधी त्या त्याविषयी बोलल्या नाहीत.

गोळ्यांच्या रांगेत त्यांना दुसऱ्या बायका भेटल्या. त्यांच्या सभांना त्या जाऊ लागल्या. एकदा कुठल्याशा संस्थेची एक मुलगी कागद घेऊन आमच्या घरी आली, आक्कांना प्रश्न विचारायचे होते म्हणून. मोठी गोड बोलणारी. दोन तास बसली. नवरा कसा वागायचा, सासरी काय झाले, जेवायला काय मिळते. आक्कांनी सगळे सांगितले आणि शेवटी विचारले, "बाई, हे सगळं जुळवून तुम्हाला काय सापडलं ते आम्हाला सांगायला येचाल का?" ती हो म्हणाली. चहा पिऊन गेली, आमच्याच कपातून. परत काही आली नाही. आक्का दोन वर्षे अधूनमधून विचारत, "ती पोरगी आली नाही गं?" त्यांना पैसे नको होते. आपल्या दोन तासांचे काय झाले एवढेच हवे होते. मला वाटते, लोकांचा सहभाग म्हणून जो शब्द मोठ्या सभांत वापरतात त्याचे माप आक्कांच्या या प्रश्नात आहे.

२०१७ साली एच.आय.व्ही. विषयी कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. त्याप्रमाणे समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही, संशोधनात घेता येत नाही, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. आक्कांच्या दिरांच्या हाती दिलेला तो कागद आज दिला असता तर कायद्याचा भंग झाला असता. पूर्वीच्या काळी तो नुसता कागद होता.

हा लेख लिहून झाल्यावर मी आक्कांना वाचून दाखवला. त्यांनी सर्व ऐकून घेतले. सासरच्या गावाचे नाव होते ते खोडायला लावले. दिरांना मी एक विशेषण लावले होते तेही काढायला लावले, "आता म्हातारा झाला तो," म्हणाल्या. पेल्याची गोष्ट काढू का, असे मी विचारले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." पुढच्या आठवड्यात त्यांना गोळ्या आणायला संभाजीनगरला जायचे आहे. या खेपेला ह्यांना कापूस वेचणीमुळे सवड नाही, म्हणून त्यांच्याबरोबर एस.टी.ने मी जाणार आहे.